पात्यांनाही थकवा येतो

अबू धाबीला आलो त्या वर्षी पहिल्यांदाच हेलिकॉप्टरने समुद्रातल्या रिगवर गेलो. लाइफ जॅकेट चढवून आम्ही आठ-दहा जण उभे होतो. एक मल्याळी मेकॅनिक शिडीवर चढून पात्यांवरून हात फिरवत होता. मला वाटलं, धूळ पुसतोय. विचारलं तर म्हणाला, भेग आहे का ते बघतोय. पोटात गोळाच आला! घरी फोनवर आईला हे अर्थातच सांगितलं नाही.

इथलं पुष्कळसं तेल समुद्राखाली आहे. १९६२ साली उम्म शैफ क्षेत्रातलं तेल दास बेटावरून पहिल्यांदा परदेशी निघालं. पुढे रिग वाढल्या, तशी आपल्याकडे एस.टी. तशी इथे हेलिकॉप्टर झाली. बेल २१२ हे दोन पात्यांचं यंत्र त्यात फार वर्षं राबलं.

आता भेगेबद्दल. तार तोडायला पक्कड नसली की आपण काय करतो? इकडेतिकडे वाकवत राहतो, आणि ती तुटते. एका हिसक्याला न तुटणारी तार वारंवार वाकवण्याने तुटते. हाच धातूचा थकवा. १८४२ साली फ्रान्समध्ये व्हर्सायजवळ इंजिनाचा आस मोडून भीषण रेल्वे अपघात झाला. नंतर प्रशियात ऑगस्ट व्होलर यांनी वर्षानुवर्षं आस फिरवून, वाकवून या थकव्याचा हिशेब मांडला.

हेलिकॉप्टर पुढे जाताना प्रत्येक पातं एकदा वाऱ्याला सामोरं जातं, एकदा पाठ फिरवतं. दर फेऱ्याला त्यावरचा भार वाढतो आणि उतरतो. बेल २१२ चं पातं मिनिटाला सुमारे ३२४ फेरे घेतं. म्हणजे तासाला एकोणीस हजारांच्या वर, आणि हजार तासांत जवळजवळ दोन कोटी! पोलादावरचा ताण एका मर्यादेखाली राहिला, तर ते सहसा थकत नाही. ॲल्युमिनियमला अशी मर्यादाच नाही, आज ना उद्या ते थकणारच. म्हणून अशा पात्याचे तास मोजतात आणि ठरलेले तास भरले की भेग दिसो न दिसो, ते निवृत्त करतात. त्यात आखातातली खारी दमट हवा धातूला बारीक खड्डे पाडते, आणि भेगेची सुरुवात अशाच खड्ड्यातून होते. वाळू पात्याची पुढची कड घासते ती वेगळीच.

सिकॉर्स्की कंपनीने यावर एक नामी युक्ती काढली. पात्याचा गाभा पोकळ असतो. त्यात दाबाने नायट्रोजन भरला, की भेग पडल्यावर वायू निसटतो आणि बुडखाजवळची खूण रंग बदलते. रशियन एमआय-८ च्या पात्यांतही हवा भरून हेच साधलं आहे.

पण वायू राखण करतो ती फक्त गाभ्याची. १४ ऑगस्ट १९६८ रोजी लॉस एंजेलिसजवळ कॉम्प्टनला एस-६१ चं एक पातं हवेतच सुटलं, २१ माणसं गेली. भेग पातं मध्याला जोडणाऱ्या पोलादी दांड्यात होती. तिथला पृष्ठभाग हवा तितका कठीण झालेलाच नव्हता.

१६ जुलै २००२ ची गोष्ट तर आम्हा तेलवाल्यांच्या फार जवळची. उत्तर समुद्रात लेमन क्षेत्रात रिगवर निघालेल्या एस-७६ चं पातं मोडलं, आतले अकराच्या अकरा गेले. त्या पात्यावर १९९९ साली वीज पडली होती. ते कारखान्यात तपासलं गेलं, ठीक ठरलं आणि परत कामाला लागलं. पण बनावटीतल्या एका दोषामुळे वीज आतल्या टायटॅनियमला चटका देऊन गेली होती. तिथून भेग तीन वर्षं आतल्या आत वाढत राहिली. कागद खरे होते, तपासणी झाली होती, तरीही!

आता पुष्कळ पाती काचतंतू आणि कार्बनच्या तंतूंची असतात. त्यांत इजा सहसा हळूहळू पसरते, धातूसारखी दगा देत नाही. तरी इथे शिडी अजून लागते आणि हात अजून फिरतो. पूर्वी त्या दोन मिनिटांत मी घड्याळ बघत चुळबुळ करायचो. आता म्हणतो, बाबा, सावकाश बघ. आम्हाला घाई नाही.