इच्छा, ऋण आणि बळ : इंग्रजी भविष्याची कुळकथा

इंग्रजी क्रियापदाला स्वतःचा भविष्यकाळ नाही. भूतकाळासाठी ‘वॉक’चं ‘वॉक्ड’ होतं. उद्यासाठी मात्र दुसऱ्या क्रियापदाची मदत घ्यावी लागते. हजार वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत बहुतेक वेळा तीही घेत नसत, वर्तमानकाळावरच भागवत. पुढे या कामाला लागलेली क्रियापदं मुळात वेगळ्याच कामाची होती.

‘विल’ म्हणजे इच्छा असणं. मृत्युपत्राला ‘विल’ म्हणतात ते याच अर्थाने. ‘शॅल’ म्हणजे देणं लागणं. कर्ज आणि अपराध असे दोन्ही अर्थ असलेला जर्मन ‘शुल्ड’ त्याचा भाऊबंद. ‘मे’ म्हणजे अंगात बळ असणं. ज्याला इच्छा आहे तो करणार, ज्याच्यावर ऋण आहे त्याला करावं लागणार, ज्याच्यात बळ आहे तो कदाचित करील. माणसांबद्दलचे हे अडाखे हळूहळू पावसालाही लागू झाले. पावसाला ना इच्छा ना ऋण. त्यामुळे मूळ अर्थ झिजला आणि उरली ती बोलणाऱ्याची खात्री.

तिच्याही पायऱ्या पडल्या. ‘विल’ सर्वांत ठाम, ‘मे’ सावध. ‘माइट’ हे ‘मे’चंच भूतकाळी रूप, पण उद्याबद्दल ते वापरलं की शक्यता आणखी दूर सरकते. ‘गोइंग टू’ हे तर खरोखरच्या जाण्यातून आलं. 1646 साली जोशुआ पूल या व्याकरणकाराने भविष्याची खूण म्हणून त्याची नोंद केली. ढग भरून आलेले दिसत असले, की इंग्रज आजही पावसाबद्दल ‘विल’पेक्षा ‘गोइंग टू’च म्हणतो.

1653 मध्ये ऑक्सफर्डचे भूमितीचे प्राध्यापक जॉन वॉलिस यांनी इंग्रजीचं व्याकरण लिहिलं, तेही लॅटिनमध्ये. ‘आय शॅल’ म्हणजे नुसतं भाकीत, ‘आय विल’ म्हणजे वचन किंवा धमकी. द्वितीय आणि तृतीय पुरुषात नेमकं उलट, असा नियम त्यांनी घालून दिला. पुढे पिढ्यान्‌पिढ्या तो शाळांतून घोकून घेतला गेला. बोलणाऱ्यांनी मात्र तो कधीच पुरता पाळला नाही. पुढच्याच वर्षी, 1654 मध्ये, फ्रान्समध्ये पास्कल आणि फेर्मा यांच्या पत्रव्यवहारातून संभाव्यतेचं गणित आकाराला आलं. या गणिताची आणि व्याकरणाची गाठ पडायला मात्र तीनशे वर्षं लागली.

1951 साली अमेरिकेच्या सीआयएने युगोस्लाव्हियावरच्या संभाव्य हल्ल्याचा अंदाज वर्तवताना ‘सीरियस पॉसिबिलिटी’ असे शब्द वापरले. म्हणजे नक्की किती, असं एका अधिकाऱ्याने विचारलं. अंदाज तयार करणाऱ्यांपैकी एक असलेले सीआयएचे शर्मन केंट म्हणाले, पासष्ट विरुद्ध पस्तीस, हल्ल्याच्या बाजूने. मग त्यांनी सहकाऱ्यांना विचारलं, तर उत्तरं वीस-ऐंशीपासून ऐंशी-वीसपर्यंत पसरलेली! मसुद्यावर सगळ्यांचं एकमत झालं होतं ते शब्दांपुरतंच.

1964 मध्ये लिहिलेल्या निबंधात केंट यांनी शब्दांना आकडे जोडले : ‘प्रॉबेबल’ म्हणजे सुमारे 75 टक्के, ‘ऑलमोस्ट सर्टन’ म्हणजे सुमारे 93. आज हवामानबदलावरचे आयपीसीसीचे अहवाल याच वाटेने जातात; तिथे ‘लाइकली’ म्हणजे किमान 66 टक्के, ‘व्हेरी लाइकली’ म्हणजे किमान 90. केंट यांच्या कोष्टकात ‘मे’ आणि ‘माइट’ यांना मात्र आकडा मिळाला नाही. जिथे शक्यता नाकारता येत नाही, पण मोजताही येत नाही, तिथेच ती वापरावीत, असं त्यांचं म्हणणं. बळ आहे एवढंच सांगणारं ते जुनं क्रियापद आजही तेवढंच सांगतं.