गो अराउंड

७ ऑगस्ट २०२० च्या रात्री कॅप्टन दीपक साठे हे नाव आपल्याकडे घरोघरी पोचलं. नागपूरचा माणूस, एनडीएत शिकलेला, हवाई दलाच्या अकादमीत 'स्वॉर्ड ऑफ ऑनर' मिळवलेला, विंग कमांडर म्हणून निवृत्त. त्या संध्याकाळी दुबईहून आलेलं त्यांचं एअर इंडिया एक्स्प्रेसचं बोईंग ७३७ कोझिकोडच्या ओल्या रनवेवर थांबलंच नाही. डोंगरमाथ्यावरचा रनवे तो, विमान कडेवरून खाली गेलं आणि तुटलं. १९० पैकी २१ जण गेले. साठे आणि सहवैमानिक अखिलेश कुमार, दोघंही.

लगेच फॉरवर्ड सुरू झाले. साठेंनी मुद्दाम घिरट्या घालून इंधन संपवलं, म्हणून आग लागली नाही वगैरे. सप्टेंबर २०२१ मध्ये चौकशी अहवाल आला. तो मात्र कुणी फॉरवर्ड केला नाही!

अहवालाप्रमाणे झालं असं. पहिल्या वेळी पाऊस जोरात, त्यात साठेंच्या बाजूचा वायपर बंद. विमान न उतरवता त्यांनी पुन्हा वर नेलं. अगदी नियमाप्रमाणे. दुसऱ्यांदा ते उलट बाजूने आले, म्हणजे वारा मागून. मागून वारा असला की जमिनीवरचा वेग वाढतो, आणि वेग दुप्पट तर थांबायला अंतर चौपट, हे शाळेतलं गणित. त्यात रनवे ओला. रनवे २७०० मीटरचा, चाकं टेकली साधारण १३५० मीटरवर. निम्मा रनवे आधीच मागे गेलेला.

चाकं टेकण्याआधी कुमारांनी दबक्या आवाजात सावध करून पाहिलं. मग स्पष्ट म्हणाले, 'गो अराउंड'. म्हणजे उतरू नका, वर घ्या. उत्तर नाही. अशा वेळी नियमाने कुमारांनी कंट्रोल स्वतःकडे घ्यायला हवा होता. तो घेतला नाही. दुसरीकडे जाण्याइतकं इंधन होतं. पण सकाळची कोझिकोडची फ्लाइट साठेंनाच न्यायची होती, आणि तिथे कॅप्टन पुरेसे नव्हते. अहवालात याचाही उल्लेख आहे, आणि दोघांमधल्या अधिकाराच्या मोठ्या अंतराचाही.

हे वाचताना मंगळूर आठवतं. २२ मे २०१०, हीच कंपनी, तसाच डोंगरावरचा रनवे, फक्त कोरडा. तिथेही को-पायलटने तीनदा 'गो अराउंड' म्हटलं होतं. १५८ जण गेले.

त्याआधी १९७७ मध्ये टेनेरीफला फ्लाइट इंजिनिअरने शंका काढली होती, केएलएमच्या कॅप्टनने ती उडवून लावली. दोन जंबो धडकले, ५८३ मृत्यू. अशा अपघातांनंतर 'क्रू रिसोर्स मॅनेजमेंट' नावाचं प्रशिक्षण आलं. सार एवढंच, की धाकट्याने बोलायचं आणि थोरल्याने ऐकायचं. चाकणच्या गाड्यांच्या कारखान्यांत काम करणाऱ्यांना 'अँडॉन' माहीत असेल. टोयोटाने रुजवलेली पद्धत. लाइनवरच्या साध्या कामगाराने दोरी ओढली की लाइन थांबू शकते, साहेबाची परवानगी लागत नाही. कॉकपिटमध्ये 'गो अराउंड' ही तीच दोरी. पण ती ओढायची कुणासमोर? 'स्वॉर्ड ऑफ ऑनर'वाल्या विंग कमांडरसमोर. आपल्यातले किती जण ओढतील?

साठेंची हुशारी, त्यांची देशसेवा कुणी नाकारत नाही. माणूस मोठाच होता. पण म्हणून अहवाल झाकून फॉरवर्ड पुढे पाठवायचे, हे मला पटत नाही. एवढ्या अनुभवी माणसाच्या हातूनही हे होऊ शकतं, हे पुढच्या को-पायलटला कळलं तर कदाचित तो दबक्या आवाजात नाही बोलणार.

असो. तुमच्या ऑफिसात रिलीजच्या आदल्या रात्री 'थांबा' म्हणायची मुभा कुणाला आहे?