सही कुणाची?

१९८४ सालची गोष्ट. आमच्या वस्तीतली एक बाई चौथ्यांदा गरोदर होती, दहावा आठवडा. नवरा ऊसतोडीला गेलेला. मी मास्तर, म्हणून तिने मला सोबत नेले. सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांनी तिला तपासले आणि तिच्याशी न बोलता मला सांगितले, “नवऱ्याची सही आणा, नाहीतर तुम्ही भाऊ म्हणून करा.” मी केली. चळवळीचे काम केले, असेच मला वाटले.

कायदा मी नंतर वाचला.

१८६० च्या दंडसंहितेच्या कलम ३१२ ने गर्भपात करणाऱ्यालाच नव्हे, करवून घेणाऱ्या बाईलाही गुन्हेगार ठरवले. तिचा जीव वाचवण्यापुरतीच सूट. अशा काळात, १८६३ साली, जोतीराव-सावित्रीबाईंनी पुण्यात फसलेल्या विधवांसाठी बालहत्या प्रतिबंधक गृह उघडले. नाव-गाव न विचारता बाळंत होण्याची सोय केली. १९३८ साली बाबासाहेबांच्या वतीने रोहम यांनी मुंबई विधिमंडळात संततिनियमनाचा ठराव मांडला. कोणत्याही कारणाने मूल नको असेल तर गर्भधारणा टाळणे स्त्रीच्या हाती हवे, ही त्यातली भूमिका. ठराव फेटाळला गेला.

पुढे शांतिलाल शहा समितीच्या १९६६ च्या अहवालावरून १९७१ चा वैद्यकीय गर्भपात कायदा झाला. चोरून केलेल्या गर्भपातांत बाया मरत होत्या, तेव्हा तो हवाच होता. पण त्याच्या वाक्याचा कर्ता पाहा. सद्भावनेने मत बनवणारा नोंदणीकृत डॉक्टर गुन्हेगार ठरणार नाही, असे कायदा म्हणतो. अभय डॉक्टरला, बाईने त्याचे मत मिळवायचे. २०२१ च्या दुरुस्तीने मुदत वाढली, २०२२ साली सर्वोच्च न्यायालयाने अविवाहितेलाही वीस ते चोवीस आठवड्यांच्या तरतुदीत घेतले. मत मात्र डॉक्टरचेच राहिले.

तिच्या हाती कायद्याने एकच गोष्ट ठेवली : संमती. सज्ञान बाईची स्वतःची संमती पुरते. नवऱ्याची, भावाची लागत नाही. हे तिला सांगणे डॉक्टरचे काम होते. ‘नंतर नवरा भांडायला येतो’ ही सबब मी पुढेही ऐकली. भांडण टाळण्यासाठी बाईचा हक्क गहाण टाकायचा, ही कसली वैद्यकी? आणि न वाचता सही ठोकणारा मी तरी कोण?

तिचा अंगठा कागदावर अगोदरच उठला होता. तो एकटा पुरेसा होता, हे मी तिला अजून सांगितलेले नाही.