दरीभोवतीची रेघ

१८८२ साली अमेरिकेत एकाच दरीसंबंधी दोन कागद तयार झाले. पहिला होता इंडियानाचे सिनेटर बेंजामिन हॅरिसन यांच्या विधेयकाचा. ॲरिझोनात कोलोरॅडो नदीने कोरलेली ग्रँड कॅन्यन ही महादरी सार्वजनिक उद्यान म्हणून राखावी, अशी त्यात मागणी होती. दुसरा कागद राष्ट्राध्यक्ष चेस्टर आर्थर यांच्या आदेशाचा. दरीच्या एका बाजूच्या घळीत राहणाऱ्या हावासुपाई लोकांसाठी त्याने ५१८ एकर जमीन मुक्रर केली. पहिल्या कागदाचा कायदा व्हायला ३७ वर्षे लागली. दुसऱ्याची दुरुस्ती व्हायला ९३. उद्यानाचा इतिहास बहुधा पहिल्याच कागदावरून सांगितला जातो. दोन्ही शेजारी ठेवले, की तो वेगळा दिसतो.

हॅरिसन यांनी १८८३ आणि १८८६ मध्येही विधेयक मांडले. तिन्ही वेळा ते बारगळले. पुढे तेच राष्ट्राध्यक्ष झाले आणि १८९३ मध्ये काँग्रेसला बाजूला ठेवून त्यांनी हा प्रदेश राखीव वन म्हणून घोषित केला. खाणकाम आणि चराई मात्र त्याने थांबली नाही. १९०१ मध्ये दक्षिण कड्यापर्यंत रेल्वे आली, प्रवासी वाढले आणि दरीत उतरण्याच्या वाटांनाही बाजारभाव आला. राल्फ कॅमेरॉन यांनी खाणहक्कांच्या आधारे मोक्याच्या जागा अडवल्या आणि ब्राइट एंजल वाटेवर टोल घेतला.

थिओडोर रूझवेल्ट यांनी १९०८ मध्ये वेगळा मार्ग काढला. पुरातन अवशेषांच्या रक्षणासाठी केलेल्या १९०६च्या कायद्यात ‘वैज्ञानिक महत्त्वाच्या वस्तूं’चाही उल्लेख होता. त्या शब्दांच्या आधारे त्यांनी आठ लाख एकरांहून अधिक प्रदेश राष्ट्रीय स्मारक ठरवला. एवढी मोठी दरी ‘वस्तू’ कशी, हा वाद कॅमेरॉन यांनी सर्वोच्च न्यायालयापर्यंत नेला आणि १९२० मध्ये ते हरले. तोवर उद्यानाचा कायदाही झाला होता. १९१२ मध्ये ॲरिझोनाला राज्याचा दर्जा मिळाला होता. तिथलेच सिनेटर हेन्री ॲशर्स्ट यांनी मांडलेल्या विधेयकावर २६ फेब्रुवारी १९१९ रोजी वुड्रो विल्सन यांनी सही केली.

हा कायदा छोटा आहे. पण त्याची कलमे बारकाईने वाचण्यासारखी आहेत. आधीचे वैध जमीन व खाणदावे अबाधित राहिले. ब्राइट एंजल वाटेवरचा काउंटीचा हक्क शाबूत राहिला. सरकारी सिंचन प्रकल्पांसाठीही दार किलकिले ठेवले गेले. हावासुपाईंबद्दल मात्र एवढेच म्हटले, की त्यांच्यापैकी व्यक्तींना शेतीसाठी जमीन वापरू द्यायची की नाही, हे गृहखात्याचे मंत्री आपल्या मर्जीने ठरवतील. खाणदाराला हक्क मिळाला, काउंटीला हक्क मिळाला. पिढ्यान्‌पिढ्या तिथे राहणाऱ्यांना मिळाली ती परवानगी.

हा फरक केवळ शब्दांचा नव्हता. हावासुपाई उन्हाळ्यात घळीत मका, घेवडा, भोपळा पिकवत आणि हिवाळ्यात शिकारीसाठी, रानातले अन्न गोळा करण्यासाठी वर पठारावर जात. ५१८ एकरांत त्यांची उन्हाळी शेते आली. वर्षाचा उरलेला अर्धा भाग रेघेबाहेर गेला.

१९६०च्या दशकात कोलोरॅडोवर आणखी दोन धरणांचा घाट घातला गेला, तेव्हा सिएरा क्लबने देशभर रान उठवले. १९६८च्या कायद्यातून ती धरणे वगळली गेली. पण हावासुपाईंनी पठार परत मागितले, तेव्हा याच संस्थेने विरोध केला. दरीचे रक्षण म्हणजे माणसांविना दरी, ही १९१९ची समजूत पाण्याच्या लढाईत जिंकलेल्यांच्या मनातही तशीच होती. अखेर ३ जानेवारी १९७५ रोजी जेराल्ड फोर्ड यांनी सही केलेल्या कायद्याने उद्यान वाढवले आणि सुमारे १,८५,००० एकर जमीन हावासुपाईंना परत दिली. म्हणजे ५१८ एकरांच्या साडेतीनशे पटींहून अधिक.

ब्राइट एंजल वाटेवर झऱ्याकाठी एक हिरवी जागा आहे. हावासुपाई तिथे शेती करत; १९२०च्या दशकात त्यांना तिथून उठवण्यात आले. नकाशावर तिचे नाव ‘इंडियन गार्डन’ होते. २०२२ मध्ये ते बदलून ‘हावासुपाई गार्डन्स’ झाले. बाग कोणाची होती, हे आता निदान नकाशा तरी सांगतो.