किल्वा किसिवानी

किल्वा किसिवानी हे टांझानिया देशाच्या दक्षिण किनाऱ्यालगत हिंदी महासागरात असलेले एक लहान बेट व तेथील प्राचीन व्यापारी नगर आहे. दार-एस-सलाम शहराच्या दक्षिणेस सुमारे ३०० किलोमीटर अंतरावरील हे बेट प्रशासकीय दृष्ट्या लिंडी प्रांतात मोडते. तेराव्या ते पंधराव्या शतकांत किल्वा हे स्वाहिली किनाऱ्यावरील सर्वाधिक श्रीमंत नगरांपैकी एक होते. येथील भग्नावशेष व जवळच्या सोंगो म्नारा बेटावरील अवशेष यांचा इ.स. १९८१ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा स्थळांच्या यादीत एकत्रित समावेश करण्यात आला.

नाव

स्वाहिली भाषेत 'किसिवा' म्हणजे बेट व 'किसिवानी' म्हणजे बेटावरील. समोरच्या मुख्य भूमीवर किल्वा मासोको व त्याच्या उत्तरेस किल्वा किविंजे ही नगरे आहेत. त्यांच्यापासून वेगळेपण दाखवण्यासाठी जुन्या नगरास किल्वा किसिवानी असे म्हटले जाते.

भौगोलिक स्थान व व्यापार

किल्व्याचा उत्कर्ष मोसमी वाऱ्यांच्या चक्राशी निगडित होता. ईशान्य मोसमी वाऱ्यांवर (स्वाहिली: कास्काझी) अरबस्तान, इराण व पश्चिम भारतातून निघालेली गलबते पूर्व आफ्रिकेला पोहोचत आणि नैऋत्य वाऱ्यांवर (कुसी) परतत. एकाच हंगामात जाऊन परत येता येईल अशा पल्ल्याच्या दक्षिण टोकाजवळ किल्वा होते. त्याच्या पलीकडे, आजच्या मोझांबिकमधील सोफाला बंदरात, झिंबाब्वेच्या पठारावरील सोने येत असे. सोफाल्यापर्यंतची वाहतूक ताब्यात ठेवल्यामुळे किल्व्याच्या सुलतानांना या सोन्याच्या व्यापारावर नियंत्रण व कर मिळवता आला.

सोने, हस्तिदंत, खारफुटीचे लाकूड व गुलाम यांची येथून निर्यात होई. चिनी मातीची भांडी, इराणी झिलईदार भांडी, गुजरातचे सुती कापड व काचमणी यांची आयात होई. पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावरील उत्खननांत सापडलेल्या काही काचमण्यांची रासायनिक घडण रायगड जिल्ह्यातील चौल येथे मिळालेल्या मण्यांशी जुळते. सोळाव्या शतकाच्या आरंभी मलाक्का येथे आलेल्या व्यापाऱ्यांत किल्व्याच्या लोकांचा उल्लेख पोर्तुगीज लेखक तोमे पिरेस याने केला आहे.

इतिहास

बेटावरील वस्ती किमान नवव्या शतकापासूनची आहे. नगराच्या स्थापनेची कथा 'किल्वा बखर' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या वृत्तान्तात येते. हा वृत्तान्त दोन पाठांत उपलब्ध आहे. एक पोर्तुगीज इतिहासकार जुआंव द बारूश याने सोळाव्या शतकात दिलेला आणि दुसरा अरबी हस्तलिखितातील. त्यानुसार इराणमधील शिराझच्या अली इब्न अल्-हसन याने बेटाला वेढा घालता येईल इतके कापड देऊन स्थानिक राजाकडून बेट विकत घेतले.

ब्रिटिश पुरातत्त्वज्ञ नेव्हिल चिटिक यांनी १९६० च्या दशकात येथे विस्तृत उत्खनन केले व १९७४ मध्ये त्याचा अहवाल प्रसिद्ध केला. नगराची उभारणी परकीयांनी केली की स्थानिक आफ्रिकी समाजाने, हा प्रश्न दीर्घकाळ वादाचा राहिला. वासाहतिक काळातील लेखकांनी स्वाहिली नगरांचे श्रेय प्रामुख्याने अरब व इराणी लोकांना दिले. पुढील संशोधनाने मात्र या नगरांची मुळे तेथील बांटूभाषक मच्छीमार व शेतकरी वस्त्यांत असल्याचे दाखवले. स्वाहिली किनाऱ्यावरील ८० व्यक्तींच्या अवशेषांच्या २०२३ मधील जनुकीय अभ्यासात अनेकांचा निम्म्याहून अधिक वारसा मुख्यत्वे आफ्रिकी स्त्रियांकडून आल्याचे आढळले. आशियाई वारशाचा मोठा भाग इराणी पुरुषांचा असून त्यात भारतीय अंशही आहे. हा संकर इ.स. १००० च्या सुमारास सुरू झाला. त्यामुळे बखरीतील शिराझी परंपरेला काही आधार मिळाला, तरी नगरांचा पाया आफ्रिकीच असल्याचा निष्कर्ष कायम राहिला.

तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात सत्ता महदली घराण्याकडे आली. याच घराण्यातील सुलतान अल्-हसन इब्न सुलेमान याच्या कारकिर्दीत, इ.स. १३३१ मध्ये, प्रवासी इब्न बतूता याने किल्व्यास भेट दिली. हे नगर अत्यंत सुंदर व सुबक बांधणीचे असल्याचे त्याने नोंदवले. सुलतानाच्या दातृत्वाची व मुख्य भूमीवरील त्याच्या स्वाऱ्यांचीही माहिती त्याने दिली आहे.

इ.स. १५०२ मध्ये वास्को द गामा याने किल्व्याकडून सोन्याच्या रूपाने खंडणी वसूल केली. लिस्बनमधील प्रसिद्ध 'बेलेंची कुस्तोदिया' हे धार्मिक पात्र याच सोन्यातून घडवले गेले. जुलै १५०५ मध्ये फ्रांसिस्कु द अल्मैदा याने नगर जिंकून तेथे किल्ला बांधला. पुढे भारतात पोर्तुगिजांचा पहिला व्हाइसरॉय झालेला हाच अल्मैदा होय; त्याचा मुलगा लोरेन्सु १५०८ मध्ये चौलच्या लढाईत मारला गेला. पोर्तुगिजांनी १५१२ मध्ये किल्वा सोडले, परंतु सोन्याचा व्यापार विस्कळीत झाल्याने नगराचे वैभव ओसरले.

अठराव्या शतकात किल्व्याला गुलामांच्या व्यापारामुळे पुन्हा महत्त्व आले. १७७६ मध्ये मोरिस या फ्रेंच व्यापाऱ्याने दरवर्षी १,००० गुलाम मिळवण्यासाठी येथील सुलतानाशी करार केला. त्यानंतर बेटावर ओमानची सत्ता आली. एकोणिसाव्या शतकात व्यापाराचे केंद्र किल्वा किविंजे येथे सरकले आणि जुने नगर ओस पडत गेले.

वास्तू

येथील इमारती प्रवाळ दगड व चुना यांच्या असून छतांसाठी खारफुटीच्या लाकडाच्या तुळया वापरल्या जात.

मोठी मशीद: पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावरील सर्वांत जुन्या टिकून राहिलेल्या मशिदींपैकी एक. उत्तरेकडील दालन जुने असून दक्षिणेकडील विस्तारात घुमट व कमानदार छते आहेत.

हुसुनी कुब्वा: समुद्राकडील उंचवट्यावरील, १०० हून अधिक खोल्यांचा चौदाव्या शतकातील राजवाडा. यात अष्टकोनी स्नानकुंड आहे. शेजारच्या लहान वास्तूस हुसुनी न्डोगो म्हणतात.

गेरेझा: पोर्तुगीज किल्ल्याच्या जागी ओमानी काळात पुन्हा बांधलेला किल्ला.

मकुटानी: तटबंदी असलेला अठराव्या शतकातील राजवाडा.

नाणी

किल्व्याच्या सुलतानांनी स्वतःची तांब्याची नाणी पाडली. त्यांच्या दोन्ही बाजूंवरील अरबी मजकुरात यमक साधलेले असते. अल्-हसन इब्न सुलेमान याच्या नावाचे एक नाणे ग्रेट झिंबाब्वे येथे सापडले. १९४४ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या उत्तरेकडील वेसल बेटांवरही किल्व्याची ५ नाणी मिळाली.

संवर्धन

लाटांमुळे किनाऱ्याची होणारी झीज, पावसाचे वाहते पाणी व भिंतींत वाढणारी झाडे यांमुळे अवशेषांची हानी होत आली आहे. २००४ मध्ये हे स्थळ धोक्यातील जागतिक वारसा यादीत टाकण्यात आले. डागडुजी व किनारा संरक्षणाच्या कामांनंतर २०१४ मध्ये ते त्या यादीतून वगळण्यात आले. खारफुटीची झाडे किनाऱ्याची माती धरून ठेवत असल्याने त्यांचे रक्षण या कामाचा महत्त्वाचा भाग आहे. बेटावर आजही लोकवस्ती असून मासेमारी हा तेथील प्रमुख व्यवसायांपैकी एक आहे.