लांबचा पल्ला रेल्वेने, खेडी मोटारीने : प्रोव्हान्सच्या सहलीचे गणित

पॅरिस पाहून झालेल्या भारतीय पर्यटकांना आता फ्रान्सची खेडी खुणावू लागली आहेत. दक्षिणेकडील प्रोव्हान्स प्रांतातील लव्हेंडरची शेते, डोंगरमाथ्यावरील दगडी गावे आणि रोमन काळातील वास्तू यांचे आकर्षण मोठे आहे. मात्र या भागात बसगाड्या मोजक्याच आहेत आणि रेल्वे बहुतेक गावांपर्यंत पोहोचतच नाही. त्यामुळे अनेक जण पॅरिसच्या विमानतळावरच मोटार भाड्याने घेऊन थेट दक्षिणेची वाट धरतात. रात्रभराच्या विमानप्रवासानंतर, अनोळखी देशात, रस्त्याच्या उजव्या बाजूने सुमारे सातशे किलोमीटर मोटार हाकणे हे दगदगीचे तर आहेच, पण धोक्याचेही आहे. शिवाय भाडे, इंधन आणि महामार्गावरील टोल यांचा भार वेगळाच. यावर सोपा तोडगा म्हणजे लांबचे अंतर रेल्वेने कापावे आणि मोटार फक्त खेड्यांपुरती घ्यावी.

अविन्योंपर्यंत वेगवान रेल्वे

पॅरिसच्या 'गार द लियों' या स्थानकातून सुटणारी टीजीव्ही ही वेगवान गाडी अविन्यों शहर साधारण पावणेतीन तासांत गाठते. व्हालान्स ते मार्सेय हा वेगवान लोहमार्ग २००१ च्या जूनमध्ये सुरू झाल्यापासून हा प्रवास इतका आटोपशीर झाला आहे. पॅरिसच्या शार्ल द गोल विमानतळाच्या आवारातील स्थानकातूनही अविन्योंला थेट गाड्या आहेत. शहरात न शिरता दक्षिणेला जायचे असल्यास त्या अधिक सोयीच्या. मात्र विमानाला उशीर होण्याची शक्यता लक्षात घेऊन मध्ये काही तासांचे अंतर राखावे.

टीजीव्हीची तिकिटे काही महिने आधी खुली होतात आणि प्रवासाचा दिवस जवळ येतो तसे दर चढत जातात. युरेल पास असला तरी या गाड्यांत आसनाचे आरक्षण स्वतंत्रपणे करावे लागते व त्याचे शुल्कही वेगळे असते. गाडीचे दरवाजे सुटण्याच्या वेळेपूर्वी दोन मिनिटे बंद होऊ शकतात. धावत्या गाडीत चढण्याची मुंबईकरांची सवय येथे उपयोगी पडत नाही.

एक शहर, दोन स्थानके

अविन्योंमध्ये दोन स्थानके आहेत हे आरक्षण करतानाच ध्यानात घ्यावे. वेगवान गाड्यांचे 'अविन्यों टीजीव्ही' हे स्थानक शहराबाहेर असून 'अविन्यों सांत्र' हे जुन्या तटबंदीलगत आहे. दोन्हींना जोडणारी स्थानिक गाडी काही मिनिटांत पोहोचवते. मोटारभाडे कंपन्यांची कार्यालये टीजीव्ही स्थानकालगतच आहेत. मोटारीचे आरक्षण भलत्याच ठिकाणचे झाले, तर सामानासह शोधाशोध करण्याची वेळ येते. त्यामुळे आरक्षणपत्रावरील स्थानकाचे पूर्ण नाव तपासावे.

गाडीतून उतरताच मोटार ताब्यात घ्यावी, असेही नाही. पहिले दोन दिवस मोटारीविना काढणे शहाणपणाचे ठरते. चौदाव्या शतकात काही दशके पोप अविन्योंमध्ये राहत असत. त्यांचा भव्य प्रासाद व रोन नदीवरील अर्धवट उरलेला पूल पायी फिरून पाहता येतो. व्हॅन गॉगचे १८८८-८९ मधील वास्तव्य आणि रोमन रंगमंडल यांसाठी प्रसिद्ध असलेले आर्ल हे गाव सांत्र स्थानकातून स्थानिक रेल्वेने सुमारे वीस मिनिटांवर आहे. या शहरांच्या अरुंद गल्ल्यांत मोटार ही सोय नसून अडचणच आहे. शिवाय तेवढ्या दिवसांचे भाडे व वाहनतळाचा खर्च वाचतो, प्रवासाचा शीणही उतरतो.

मोटार कशासाठी?

तिसऱ्या दिवशी मोटार घेतली की तीन दिवसांत बराच प्रदेश पाहता येतो. पश्चिमेला सुमारे २५ किलोमीटरवर 'पाँ द्यु गार' हा जवळपास ४९ मीटर उंचीचा तीन मजली रोमन जलसेतू आहे. १९८५ मध्ये युनेस्कोने त्याचा जागतिक वारसा यादीत समावेश केला. पूर्वेला लुबेरों डोंगररांगेच्या परिसरात डोंगराच्या उतारावर रचलेले गोर्द, तांबड्या-पिवळ्या गेरूच्या कड्यांवर वसलेले रूसियों आणि ११४८ मध्ये स्थापन झालेला सेनांकचा मठ ही ठिकाणे एकमेकांपासून अर्ध्या तासाच्या आत आहेत. मठासमोरील लव्हेंडर साधारण जूनच्या मध्यापासून जुलैच्या मध्यापर्यंत बहरात असते. दक्षिणेकडे सें-रेमी येथील ज्या रुग्णालयात व्हॅन गॉगने १८८९-९० मध्ये उपचार घेतले, ते पाहता येते.

मुक्कामासाठी 'जीत' हा ग्रामीण घरांचा पर्याय चांगला. तेथे स्वयंपाकघर असल्याने शाकाहारी कुटुंबांची सोय होते. मात्र उन्हाळ्यात ही घरे बहुधा शनिवार ते शनिवार अशी आठवड्यासाठीच मिळतात. खेड्यांतील अनेक दुकाने रविवारी दुपारनंतर बंद असतात, तेव्हा किराणा आधीच भरावा.

कागदपत्रे आणि करार

भारतीय वाहनपरवान्यासोबत प्रादेशिक परिवहन कार्यालयाने दिलेला आंतरराष्ट्रीय वाहन परवाना न्यावा. त्याची मुदत एक वर्षाची असते आणि मूळ परवान्याविना त्याला अर्थ नाही. मोटार घेताना बहुधा मुख्य चालकाच्या नावाचेच क्रेडिट कार्ड लागते. त्यावर अनामत रक्कम अडकवून ठेवली जाते. डेबिट कार्ड अनेक ठिकाणी चालत नाही. पंचवीस वर्षांखालील चालकांना सहसा जादा आकार पडतो. दुसरी व्यक्तीही मोटार चालवणार असेल, तर तिचे नाव करारात हवेच. अन्यथा अपघातप्रसंगी विमा नाकारला जाऊ शकतो.

भाड्यात विमा समाविष्ट असला तरी नुकसानीची ठरावीक रक्कम ग्राहकाच्या माथी असते. फ्रेंचमध्ये तिला 'फ्रांशिझ' म्हणतात. ती किती आहे आणि काचा व टायर विम्यात येतात का, हे सही करण्यापूर्वी विचारावे. ऑटोमॅटिक मोटार हवी असल्यास आगाऊ मागणी नोंदवावी, कारण स्वस्त मोटारी बहुधा हाताने गिअर बदलण्याच्या असतात. तेथे चालक डावीकडे बसत असल्याने गिअर उजव्या हाताने बदलावा लागतो. मोटार ताब्यात घेताना चारही बाजूंची छायाचित्रे काढावीत व जुने ओरखडे करारावर नोंदवून घ्यावेत.

रस्त्यावरचे नियम

चुका बहुधा वर्दळीत होत नाहीत. समोरून वाहन येत असले की आपोआप योग्य बाजू धरली जाते. खरा धोका असतो तो रिकाम्या रस्त्यावर, सकाळी निघताना किंवा पेट्रोलपंपावरून बाहेर पडताना. जुन्या सवयीने मोटार डावीकडे जाते. अशा वेळी शेजारी बसलेल्याने 'उजवीकडे' अशी आठवण करून द्यावी.

खुणेचा फलक नसलेल्या चौकात उजवीकडून येणाऱ्या वाहनाला प्राधान्य असते. मोठ्या रस्त्याला येऊन मिळणाऱ्या लहानशा गल्लीलाही हा नियम लागू होऊ शकतो. फलक असलेल्या वर्तुळाकार चौकात मात्र आत फिरणाऱ्या वाहनांना आधी जाऊ द्यावे. दुभाजक नसलेल्या ग्रामीण रस्त्यांवर २०१८ पासून सर्वसाधारण वेगमर्यादा ताशी ८० किलोमीटर आहे. काही जिल्ह्यांनी काही रस्त्यांवर ती पुन्हा ९० केली असल्याने फलक पाहावेत. लाल चौकटीतील गावाच्या नावाचा फलक आला की ५० ची मर्यादा सुरू होते, मग वेगळा आकडा लिहिलेला नसला तरीही. वेग टिपणारे कॅमेरे ठिकठिकाणी आहेत. दंडाची नोटीस मोटारभाडे कंपनीमार्फत येते आणि कंपनी त्यावर स्वतःचे शुल्कही आकारते. दहा वर्षांखालील मुलांसाठी योग्य आसन आवश्यक असून तेही आधी सांगून ठेवावे.

पंपावर 'गाझोल' म्हणजे डिझेल आणि 'सां प्लों' म्हणजे शिसेविरहित पेट्रोल. नावाच्या साम्यामुळे घोटाळा झाला, तर इंजिन दुरुस्तीचा खर्च विम्यात बहुधा येत नाही. मोटार उभी करताना पिशव्या किंवा कॅमेरे दिसतील असे ठेवू नयेत. आणीबाणीचा क्रमांक ११२ आहे.

परतीची वेळ

भाडे चोवीस तासांच्या हिशेबाने मोजले जाते. तासाभराच्या विलंबानेही आणखी एका दिवसाचे पैसे पडू शकतात. कार्यालये रविवारी व दुपारी बंद असू शकतात, म्हणून परतीची वेळ आरक्षणाच्या वेळीच जुळवून घ्यावी. रेल्वे सुटण्याच्या किमान दीड तास आधी स्थानकावर पोहोचावे, जवळच्या पंपावर टाकी भरावी, पुन्हा छायाचित्रे काढावीत आणि पावती घ्यावी. मोटार घेतली तेथेच परत केल्यास दुसऱ्या शहरात सोडण्याचा जादा आकारही वाचतो. त्यानंतर पॅरिसपर्यंतचे पावणेतीन तास खिडकीबाहेर पाहण्यासाठी मोकळे राहतात.