तोरणमाळचें नांव व तेथील कागदपत्रें

शहाद्याहून सातपुड्याचा वळणावळणाचा घाट चढून आम्हीं तोरणमाळ पाहिलें. समुद्रसपाटीपासून ११०० मीटरांहून अधिक उंचीच्या या माळावर यशवंत तलाव आहे. येथील गोरखनाथाच्या मंदिरीं महाशिवरात्रीस मोठी यात्रा भरते. शोभेचें वर्णन प्रवासी करितीलच. आमचें लक्ष नांवाकडे गेलें. संस्कृतज्ञास ‘तोरण’ म्हणतांच वेशीवरील कमान आठवते. स्थानिक लोक मात्र तोरणादेवीचें व तोरणाच्या झुडपाचें नांव घेतात. झुडूप डोळ्यांसमोर असतां कमान कल्पिण्याचें प्रयोजन आम्हांस दिसत नाहीं.

दप्तरें चाळणारांनीं एवढें ध्यानांत ठेवावें कीं, १८८० च्या इंग्रजी खानदेश गॅझेटियरांत हें स्थळ ‘तुरणमाळ’ म्हणून येतें. शिवाय जिल्हाही पालटत गेला: १९०६ पर्यंत खानदेश, मग पश्चिम खानदेश, पुढें धुळें, आणि १ जुलै १९९८ पासून नंदुरबार. एकाच नांवाखालीं शोधणारास निम्मेही कागद हातीं लागावयाचे नाहींत.

परंतु याहून निकडीचें काम निराळेंच आहे. या डोंगरांतील पाड्यांवर पावरी बोलणारे वृद्ध आहेत. टेकड्या, ओढे, झाडें यांचीं त्यांच्या तोंडचीं नांवें व कथा पोथ्यांत सांपडावयाच्या नाहींत. त्या त्यांच्याच उच्चारांत उतरून घेण्यास दोघां-तिघां सभासदांनीं येत्या पावसाळ्यापूर्वींच निघावें.